होरची गुंडाळी आणि अब्राहामचं पुस्तक

27 नोव्हेंबर 1967 ला न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमनं पपायरसचे, म्हणजे प्राचीन इजिप्तमधल्या वनस्पतीच्या कागदाचे, काही जुने तुकडे मॉर्मन चर्चच्या स्वाधीन केले. तुकडे कागदावर चिकटवलेले होते. त्या कागदांच्या पाठीवर ओहायोतल्या कर्टलंड परिसराचा नकाशा आणि एका मंदिराचे आराखडे काढलेले होते. सोबत 1856 सालचा विक्रीचा दाखला होता आणि त्यावर मॉर्मन पंथाचे संस्थापक जोसेफ स्मिथ यांच्या पत्नी एमा यांची सही होती. तुकडे स्मिथ यांच्याच संग्रहातले, यात संशयाला जागा उरली नाही. प्रश्न पुढचा होता: त्यांच्यावर लिहिलंय काय?

मॉर्मन, म्हणजे सॉल्ट लेक सिटीत मुख्यालय असलेलं ‘चर्च ऑफ जीझस ख्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स’, बायबलसोबत आणखी तीन ग्रंथ प्रमाण मानतं. त्यातला 1830 चा ‘बुक ऑफ मॉर्मन’ सर्वांत प्रसिद्ध. तो सोन्याच्या पत्र्यांवरून उतरवला आणि पत्रे देवदूतानं परत नेले, अशी श्रद्धा आहे. म्हणजे मूळ प्रत तपासायची सोयच नाही. ‘पर्ल ऑफ ग्रेट प्राइस’ या छोट्या ग्रंथातलं ‘अब्राहामचं पुस्तक’ (अब्राहाम हा बायबलमधला कुलपिता) मात्र वेगळं आहे. इथे ज्या वस्तूवरून भाषांतर झालं असं सांगितलं गेलं, तिचा काही भाग हातात आहे, छापलेली चित्रं आहेत आणि लेखनिकांची हस्तलिखितंही आहेत. धर्मग्रंथ तयार होताना इतक्या जवळून पाहायला मिळणं दुर्मीळच.

ममींचा खेळ

जुलै 1835 मध्ये मायकल चँडलर नावाचा गृहस्थ चार ममी आणि पपायरसच्या गुंडाळ्या घेऊन कर्टलंडला आला. गावोगाव ममी दाखवून पैसे मिळवायचे, हा त्याचा धंदा. माल मूळ इजिप्तमधल्या थीब्सजवळचा, अंतोनियो लेबोलो या इटालियन माणसानं उकरून काढलेला. स्मिथ आणि त्यांच्या अनुयायांनी सगळं मिळून 2,400 डॉलरला घेतलं. पंथ गरीब, मंदिराचं बांधकाम चालू, त्यात ही खरेदी! स्मिथ यांनी सांगितलं की एका गुंडाळीत अब्राहामचं लिखाण आहे आणि दुसरीत इजिप्तला गेलेल्या योसेफाचं.

फ्रेंच अभ्यासक शांपोलियोंनी इजिप्तच्या चित्रलिपीचं कोडं 1822 मध्ये फोडलं होतं खरं, पण 1835 च्या अमेरिकेत ती वाचू शकेल असं कुणी नव्हतं. स्मिथ यांनी लेखनिकांना हाताशी धरून काम सुरू केलं. मजकूर छापून आला तो 1842 मध्ये, इलिनॉयमधल्या नॉवू इथून निघणाऱ्या ‘टाइम्स अँड सीझन्स’ या पंथाच्या पत्रात, तीन चित्रांसह. अब्राहामानं इजिप्तमध्ये असताना ‘स्वतःच्या हातानं पपायरसवर’ लिहिलेलं, असं त्याच्या मथळ्यातच होतं. दोन वर्षांनी स्मिथ जमावाच्या गोळीबारात मारले गेले. त्यांची आई लुसी पुढे येणाऱ्याजाणाऱ्यांना पैसे घेऊन ममी दाखवत असे. 1856 मध्ये ती वारल्यावर सगळं विकलं गेलं. काही भाग शिकागोच्या एका संग्रहालयात पोचला आणि 1871 च्या आगीत गेला. त्यामुळे पपायरस जळून खाक झाले असंच जवळपास शंभर वर्षं सगळे धरून चालले होते. पुस्तकाला मात्र 1880 मध्ये अधिकृत धर्मग्रंथाचा दर्जा मिळाला.

तुकडा काय सांगतो

1967 नंतर वर्षभरात शिकागो विद्यापीठाचे क्लाउस बेअर यांच्यासह अनेक इजिप्तविद्या तज्ज्ञांनी तुकडे वाचून छापले. वादाच्या केंद्रस्थानी असलेला तुकडा होर नावाच्या पुजाऱ्याचा निघाला. हा थीब्सच्या आमून देवाचा पुजारी, काळ इ.स.पू. दुसऱ्या शतकाच्या आसपासचा, म्हणजे परंपरा अब्राहामाला ज्या काळात ठेवते त्याच्या दीड-दोन हजार वर्षं नंतरचा. मजकूर ‘श्वासाच्या पुस्तका’चा. मेलेल्या माणसाला परलोकात पुन्हा श्वास घेता यावा म्हणून त्याच्यासोबत देण्याचा तो दस्तऐवज. त्यात सूचना स्पष्ट आहे: होर, ताइखेबीतचा मुलगा, याचे हात हृदयाशी ठेवल्यावर हे लिखाण राजवस्त्रात गुंडाळून त्याच्या डाव्या हाताखाली, हृदयाजवळ ठेवावं, आणि मग बाकीचं वेष्टन पूर्ण करावं. अब्राहामाचं नाव कुठेच नाही.

गुंडाळीच्या सुरुवातीला एक चित्र आहे. सिंहाच्या आकाराच्या पलंगावर आडवा पडलेला माणूस, शेजारी उभी एक काळी आकृती. तज्ज्ञांच्या मते हा ऑसिरिस देवाच्या रूपातला मृत आणि त्याला उठवणारा, कोल्ह्याच्या डोक्याचा अनुबिस देव. स्मिथ यांच्या पुस्तकात तेच चित्र ‘अब्राहामाला वेदीवर बळी देऊ पाहणारा मूर्तिपूजक पुजारी’ म्हणून येतं. उभ्या आकृतीचं डोकं जिथे असायला हवं तिथला पपायरस फाटलेला आहे. मागच्या कागदावर तिथे पेन्सिलनं माणसाचं डोकं काढून जागा भरली होती. छापील चित्रात तेच डोकं आलं आणि हातात सुरी आली.

चित्र एकवेळ उसनं आणलेलं, असं म्हणता आलं असतं. पण पहिल्याच अध्यायातलं 12 वं वचन वाचकाला ‘या वृत्तांताच्या सुरुवातीच्या चित्राकडे’ पाहायला सांगतं. आणि 1835 च्या हस्तलिखितांच्या समासात एकेक चिन्ह काढून त्यासमोर इंग्रजी मजकूर लिहिलेला आहे. ती चिन्हं होरच्या गुंडाळीत या चित्राला लागून असलेल्या ओळींतलीच आहेत. एका चिन्हासमोर कधीकधी अख्खा परिच्छेद. माझ्या दृष्टीनं सगळ्या पुराव्यात सर्वांत जड हाच, कारण तो विरोधकांनी बाहेरून आणलेला नाही, लेखनिकांच्याच टेबलावरचा आहे.

यावर मॉर्मन अभ्यासकांची दोन मुख्य उत्तरं आहेत. पहिलं: अब्राहामाचा मजकूर गुंडाळीच्या हरवलेल्या भागात होता. मग किती भाग हरवला यावर मोजमाप सुरू झालं. जॉन गी यांच्या हिशोबानं बारा मीटरच्या वर. अँड्र्यू कुक आणि ख्रिस्तोफर स्मिथ यांनी 2010 मध्ये गुंडाळीच्या वेढ्यांवरून काढलेलं उत्तर 56 सेंटिमीटर. एकाच गुंडाळीबद्दलच्या दोन आकड्यांत इतकं अंतर पडतं, यावरूनच वाद किती टोकाला गेलाय ते कळतं. दुसरं उत्तर: पपायरस हे फक्त निमित्त, साक्षात्कार स्वतंत्र. या उत्तराला कोणताही पुरावा खोडू शकत नाही आणि कोणताही पुरावा आधारही देऊ शकत नाही.

मग यहुदी ग्रंथ कुठे आले?

पपायरसवर अडचण झाल्यावर वादाचा रोख मजकुराकडे वळला. युक्तिवाद असा: स्मिथ यांच्या पुस्तकात अब्राहामाबद्दल ज्या गोष्टी आहेत त्या बायबलच्या उत्पत्तीच्या पुस्तकात नाहीत, पण प्राचीन यहुदी लिखाणांत सापडतात. ओहायोतल्या शेतकऱ्याच्या मुलाला त्या कळल्या कशा? 2001 मध्ये मॉर्मन अभ्यासकांनी यहुदी, ख्रिस्ती आणि मुस्लिम परंपरांतले असे शंभरावर उतारे एका जाडजूड संग्रहात एकत्र केले.

साम्यं खरी आहेत, हे आधी मान्य केलं पाहिजे. उत्पत्तीत अब्राहाम एकदम पंचाहत्तराव्या वर्षी समोर येतो. देव म्हणतो ‘नीघ’, तो निघतो. त्याआधी त्यानं काय केलं, देवानं त्यालाच का निवडलं, भाऊ हारान बापाच्या डोळ्यांदेखत कसा मेला, याबद्दल एक अक्षर नाही. यहोशवाच्या पुस्तकात फक्त एवढं आहे की त्याचा बाप तेरह आणि पूर्वज दुसऱ्या देवांना भजत. या पोकळीत कथा उगवल्या. इ.स.पू. दुसऱ्या शतकातल्या ‘जुबिलीज’ या यहुदी ग्रंथात अब्राहाम रात्री मूर्तींचं घर पेटवतो आणि मूर्ती वाचवायला गेलेला हारान त्यात जळतो. ‘बेरेशीत रब्बा’ या उत्पत्तीवरच्या यहुदी टीकाग्रंथात तो बापाच्या दुकानातल्या मूर्ती फोडून काठी सर्वांत मोठ्या मूर्तीच्या हातात देतो, आणि पुढे राजा निम्रोद त्याला भट्टीत टाकतो. हीच गोष्ट कुराणाच्या एकविसाव्या सुऱ्यात इब्राहिमची म्हणून आहे. ‘अब्राहामाचं प्रकटीकरण’ हे पहिल्या-दुसऱ्या शतकातलं लिखाण फक्त जुन्या स्लाव्हिक भाषेत टिकलं. त्यात तेरहाच्या घरावर आकाशातून आग पडते आणि अब्राहाम देवदूतासोबत वर जाऊन तारे पाहतो.

भट्टी तरी आली कुठून? हिब्रूत ‘ऊर’ हे गावाचं नाव, आणि ज्वाळा हाही त्याचा अर्थ होतो. ‘मी तुला खास्द्यांच्या ऊरातून बाहेर काढलं’ हे वचन कुणीतरी ‘खास्द्यांच्या आगीतून’ असं वाचलं आणि आख्यान तयार झालं. कीर्तनकार उत्तररंगात एखादं पात्र फुलवताना मूळ ओवीत नसलेलं सगळं सांगतो आणि श्रोत्यांनाही ते खोटं वाटत नाही, तसंच हे. कोकणातल्या बेने इस्रायलींनी तर बायबलमधल्या पुरुषांची मराठी कीर्तनंच लावली. ऐकीव कथा आणि शास्त्र यांच्यामध्ये आपण आज आखतो तशी रेघ त्यांच्या पूर्वजांकडेही नव्हती.

आता स्मिथ यांचं पुस्तक या पंगतीत बसवून पाहू. त्यात अब्राहामाचे वाडवडील मूर्तिपूजक आहेत, तो विरोध करतो, बाप त्याच्या जिवावर उठतो, त्याला मारायला नेतात आणि देव सोडवतो. सांगाडा तोच. पण भट्टी नाही. वेदी आहे, पुजारी आहे, सुरी आहे. म्हणजे जे समोरच्या चित्रात दिसत होतं तेच आहे. परंपरेतली जागा तीच राहिली आणि सामान मात्र चित्रातून आलं. साम्यांच्या याद्यांत ‘अब्राहामाच्या जिवावर बेततं’ एवढीच नोंद होते आणि हा फरक नेमका गळतो. मूळ प्राचीन यहुदी आठवण हातात असती तर ती भट्टीची असायची शक्यता जास्त होती.

बाकी साम्यं एकेक करून तपासावी लागतात, कारण प्रत्येकाची वाट वेगळी आहे. अब्राहामानं इजिप्शियनांना खगोलशास्त्र शिकवलं, हे पहिल्या शतकातला यहुदी इतिहासकार जोसेफस याच्या इतिहासात आहे. विल्यम व्हिस्टन यांचं त्याचं 1737 चं इंग्रजी भाषांतर अमेरिकेत घरोघरी असे. स्मिथ यांचे सहकारी ऑलिव्हर काउडरी डिसेंबर 1835 मध्ये पपायरसचं वर्णन करताना जोसेफसचं नावच घेतात. स्मिथ यांच्या तिसऱ्या चित्रात अब्राहाम फारोच्या सिंहासनावर बसून खगोलविद्या शिकवतोय, तो या ओळखीतूनच. (चित्रात प्रत्यक्षात ऑसिरिस बसलाय, आणि ज्याला ‘फारो’ म्हटलंय ती इसिस देवी आहे.) देवाचा एक दिवस म्हणजे माणसाची हजार वर्षं, पुस्तकात देवाच्या सर्वांत जवळचा म्हणून येणाऱ्या कोलोब ताऱ्याचा हा हिशोब ‘जुबिलीज’ पर्यंत न्यायची गरज नाही. पेत्राच्या दुसऱ्या पत्रात तो आहेच. जग घडण्याआधी आत्मे होते, ही कल्पना ‘शलमोनाचं ज्ञान’ या ग्रंथात डोकावते आणि तिसऱ्या शतकात ओरिजेन या ख्रिस्ती पंडितानं ती पुरती फुलवली. पैकी ‘शलमोनाचं ज्ञान’ त्या काळच्या कितीतरी इंग्रजी बायबलांना जोडलेलं असे.

शेवटच्या अध्यायांत सृष्टी ‘देव’ घडवत नाही, ‘देवगण’ घडवतात. हिब्रूतलं ‘एलोहीम’ हे रूप अनेकवचनी दिसतं, हे स्मिथ यांना ठाऊक होतं, कारण 1836 च्या सुरुवातीला कर्टलंडमध्ये जोशुआ सेइक्सास या शिक्षकाकडे त्यांनी हिब्रूचे धडे घेतले होते. ‘कोकाउबीम’, ‘ग्नोलाउम’, ‘राउकीयांग’ हे पुस्तकातले शब्द सेइक्सासच्याच उच्चारपद्धतीनं लिहिलेले आहेत. आणि एक गंमत पाहा: 1835 ची उपलब्ध हस्तलिखितं दुसऱ्या अध्यायाच्या अठराव्या वचनाशी थांबतात. हे हिब्रू शब्द त्याच्या पुढे येतात.

एक साम्य मात्र मला सहज उडवून लावता येत नाही. उत्पत्तीत इजिप्तच्या वेशीवर अब्राहाम बायकोला, साराला, म्हणतो, ‘तू माझी बहीण आहेस असं सांग’. कुलपिता खोटं बोलतो, तेही जीव वाचवायला. स्मिथ यांच्या पुस्तकात हे सांगायला देवच सांगतो. मृत समुद्राकाठच्या कुमरानच्या पहिल्या गुहेत सापडलेल्या आणि 1956 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अरामी गुंडाळीत, ‘जेनेसिस अपॉक्रिफॉन’ मध्ये, अब्राहामाला त्या रात्री स्वप्न पडतं. लोक देवदार तोडायला येतात, शेजारचं खजुराचं झाड ओरडून त्याला वाचवतं. जागा झाल्यावर तो साराला ते सांगतो आणि ती रडते. दोन्हीकडे खोट्याची जबाबदारी वर, देवाकडे सरकवलेली आहे. स्मिथ यांना ही गुंडाळी माहीत असणं शक्यच नव्हतं.

तरीही याचा अर्थ दोघांचा उगम एक, असा होत नाही. उत्पत्ती भक्तिभावानं वाचणाऱ्या कुणालाही त्या वचनाशी ठेच लागते. दोन हजार वर्षांपूर्वी मृत समुद्राकाठी कुणाला तरी लागली, नॉवूत स्मिथ यांना लागली, आणि दोघांनी आपापल्या परीनं खड्डा बुजवला. माझं म्हणणं एवढंच की ‘अब्राहामाचं पुस्तक’ ज्या जातीचं लिखाण आहे ती जात प्राचीनच आहे: धर्मग्रंथातल्या मोकळ्या जागा भरून, प्रथमपुरुषी, पूर्वजाच्या तोंडून गोष्ट पुन्हा सांगणं. ‘अब्राहामाचं प्रकटीकरण’ लिहिणारा अज्ञात यहुदी हेच करत होता. यावरून पुस्तकाचं वय ठरत नाही, लिहिणाऱ्यानं बायबल किती बारकाईनं वाचलं होतं ते कळतं.

टीकाकारांचीही इथे एक खोड आहे. साम्य दिसलं की ‘चोरी’ म्हणायचं आणि स्रोत शोधायला धावायचं. अब्राहामाला आगीत टाकल्याची गोष्ट ‘जाशर’ या हिब्रू ग्रंथात आहे आणि त्याचं इंग्रजी भाषांतर न्यूयॉर्कमध्ये 1840 ला निघालं. नॉवूच्या पत्रानं 1842 मध्ये त्याचा आगीच्या गोष्टीसाठी हवालाही दिला. पण बळीचा प्रसंग 1835 च्या हस्तलिखितात आधीच आहे, तेव्हा ‘जाशर’ त्याचा स्रोत असूच शकत नाही. ‘अब्राहामाचं प्रकटीकरण’ तर जर्मनमध्ये 1897 ला आलं, आणि त्याचं पहिलं इंग्रजी भाषांतर 1898 मध्ये ‘इम्प्रूव्हमेंट एरा’ या मॉर्मनांच्याच मासिकात छापून आलं.

इजिप्त आणि अब्राहाम यांचा जुना संबंधच नव्हता, हेही खरं नाही. थीब्समधल्याच, तिसऱ्या शतकाच्या सुमाराच्या एका जादूच्या पपायरसवर सिंहाच्या पलंगाचं चित्र आहे आणि खाली ग्रीक मजकुरात अब्राहामाचं नाव. मॉर्मन अभ्यासक ते आवर्जून दाखवतात. मात्र तो वशीकरणाचा मंत्र आहे, आणि असे मंत्र लिहिणारे कोणत्याही धर्मातलं वजनदार नाव उचलत. ‘अब्राहामाचं मृत्युपत्र’ या ग्रीक लिखाणातला न्यायाचा प्रसंग, आत्म्यांचा तराजू वगैरे, इजिप्तच्या परलोकन्यायावरून घेतला असावा असं अनेक अभ्यासक मानतात. कुणी यहुदी लेखकानं इजिप्शियन चित्राला अब्राहामाचा अर्थ दिला असेल, ही कल्पना म्हणूनच वेडगळ नाही. फक्त होरच्या गुंडाळीच्या बाबतीत असं घडल्याची एकही खूण नाही. तिथला मजकूर होरबद्दल आहे, चित्रावरची नावंही त्याचीच.

चर्च कुठे सरकलं

धर्मग्रंथाच्या 2013 च्या आवृत्तीत प्रस्तावनेतली ओळ बदलली. आधी ‘काही इजिप्शियन पपायरसवरून केलेलं भाषांतर’ होतं. आता ‘अब्राहामाच्या लिखाणाचं प्रेरित भाषांतर’ असून पपायरस मिळाल्यावर स्मिथ यांनी काम सुरू केलं, इतकंच म्हटलंय. ‘वरून’ गेलं, ‘मिळाल्यावर’ आलं. 2014 मध्ये चर्चच्या अधिकृत लेखानं कबूल केलं की उरलेल्या तुकड्यांवरची चिन्हं पुस्तकाच्या मजकुराशी जुळत नाहीत, यावर मॉर्मन आणि बिगरमॉर्मन तज्ज्ञांचं एकमत आहे. 2018 मध्ये त्यांच्याच इतिहास विभागानं हस्तलिखितं आणि तुकड्यांची छायाचित्रं एका खंडात प्रसिद्ध केली. ज्या संस्थेची श्रद्धा यावर उभी आहे तिनं हे स्वतः छापलं, याचं श्रेय दिलंच पाहिजे.

पपायरसचा वाद त्यामुळे बराचसा निवला. यहुदी ग्रंथांशी तुलना मात्र अजून याद्यांपाशीच अडकली आहे. शंभर साम्यं एका खाली एक लिहून काही सिद्ध होत नाही. 1842 आधी ती गोष्ट इंग्रजीत कुठे होती, पुस्तकाच्या कोणत्या टप्प्यात आली, आणि मूळ वचन वाचूनच ती सुचण्यासारखी होती का, हे प्रत्येकीसाठी वेगळं विचारावं लागेल. जोसेफस, पेत्राचं पत्र आणि सेइक्सासचे धडे बाजूला काढले की यादी किती उरते ते पाहायचं, आणि खरा अभ्यास त्या उरलेल्या, बहुधा आखूड, यादीचा करायचा.